थोटकापासून पेटंटपर्यंत: सिगारेट आणि तंबाखूच्या रोपावरचे शोध कसे हुडकायचे, कसे वाचायचे

पावसाळा सरला की गुहागरपासून शिरोड्यापर्यंत ठिकठिकाणी किनारे झाडायच्या मोहिमा सुरू होतात. जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, चपला असं काय काय हाताला लागतं. पण बरोबर आलेली शाळेतली पोरं जास्तीत जास्त प्रश्न विचारतात ते सिगारेटच्या थोटकांबद्दल. वरचा कागद कुजून गेला, मग आतला बोळा तसाच कसा? तो कापूस आहे का? त्यातून धूर गाळला जातो म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेक वेळा मोठ्यांकडे याचं एकच उत्तर असतं, ‘सिगारेट वाईट’. ते पोरांना आधीपासून पाठ असतं.

यापेक्षा चांगली उत्तरं सिगारेट बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवली आहेत. पेटंट हवं असेल तर आपण कोणती अडचण सोडवली आणि कशी सोडवली हे अर्जात उघड सांगावं लागतं. त्यामुळे पाकिटावर जे कधीच छापलं जात नाही ते पेटंटात सापडतं, आणि ही कागदपत्रं फुकट वाचता येतात. विज्ञान शिक्षक, किनारा-सफाईची मंडळं, आशा सेविका आणि प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधणारी कॉलेजची मुलं यांच्यासाठी हा लेख आहे. कणकवलीच्या सायबर कॅफेत किंवा घरच्या मोबाइलवर बसून हे काम होतं.

एक पथ्य मात्र सुरुवातीपासून पाळा. पेटंट अर्जदाराच्या बाजूने लिहिलेलं असतं. त्यात ‘धूर सौम्य होतो’ असं म्हटलं असेल तर शोधकर्त्याला काय साधायचं होतं एवढंच त्यातून सिद्ध होतं. ते साधलं का, आणि माणसाच्या फुप्फुसात काय झालं, हे तपासायला दुसरीकडे जावं लागतं. हेतू पेटंटात शोधायचा आणि परिणाम बाहेर शोधायचा.

पायरी १: आधी वस्तू उघडा

हे काम मोठ्यांनीच करायचं. विद्यार्थ्यांना फोटो दाखवा, हातात सिगारेट देऊ नका. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकणं २००३ च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा खरेदीही शाळेच्या कामासाठी म्हणून मुलांकरवी होता कामा नये. हातमोजे घाला, कारण निकोटिन कातडीतूनही आत शिरतं. न पेटवलेली सिगारेट पांढऱ्या कागदावर ठेवून ब्लेडने उभी चिरा.

तंबाखूच्या कांडीवरचा पातळ कागद वेगळा काढा. त्यात खडूचाच घटक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि कागद किती वेगाने जळावा हे ठरवणारे क्षारही असतात. फिल्टरच्या भोवतीचा ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी कागद हा वेगळा भाग. जुन्या काळी टोकाला खऱ्या बुचाची पट्टी असायची, तिची नक्कल अजून छापली जाते. हा कागद सोडवून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. पुष्कळ सिगारेटींत टाचणीच्या टोकाहूनही बारीक भोकांची एक किंवा जास्त वर्तुळं दिसतात. त्यांचा फोटो जरूर काढा, पुढे लागणार आहे.

आता तंबाखू पसरा. पानांच्या कातरणात काही चपटे, कागदासारखे, सगळीकडे एकाच रंगाचे तुकडे सापडतील. देठ, शिरा आणि कारखान्यातला चुरा यांचा लगदा करून त्याचा ताव बनवतात आणि तो पुन्हा कातरतात. जे झाडून टाकायचं तेही विकलं जावं, ही या शोधामागची पहिली प्रेरणा. आणखी एक सोय अशी की तावात काय मिसळायचं हे कारखान्याच्या हातात राहतं.

शेवटी फिल्टर. बोळा पिंजला की बारीक तंतू सुटतात. ते सेल्युलोज ॲसिटेटचे असतात आणि एका फिल्टरमध्ये सुमारे १२,००० तंतू असतात. कापूस नव्हे, लाकडाच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं प्लॅस्टिक. थोटूक का कुजत नाही याचं उत्तर इथे मिळतं. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी एक प्रयोग लक्षात ठेवावा. २०११ साली सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी दाखवलं की लिटरभर पाण्यात ओढलेलं साधारण एक थोटूक, एवढ्या प्रमाणात ९६ तासांत प्रयोगातले निम्मे मासे मेले. त्यात समुद्रातला मासाही होता आणि गोड्या पाण्यातलाही. आता आपली खाडी म्हणजे लिटरभर पाणी नाही, हे खरंच. पण भरतीच्या रेषेवर वाळूत साठणाऱ्या डबक्यांना ते म्हणता येणार नाही.

उघडलेल्या भागांचा तक्ता करा. एका बाजूला भागाचं नाव, मग डोळ्यांना काय दिसलं, मग पडलेला प्रश्न. शोध या तक्त्यावरून सुरू करायचा. नाहीतर ‘सिगारेट’ हा शब्द टाकून बसाल आणि हजारो निकालांत बुडाल.

पायरी २: वर्गाचा आकडा वापरा

जगभरची पेटंटं एकाच पद्धतीने वर्गांत लावलेली असतात आणि तंबाखूचा वर्ग आहे ए२४. शोधताना ही अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे. तंबाखूवरची प्रक्रिया ए२४बी मध्ये, सिगारेट बनवायची यंत्रं ए२४सी मध्ये, सिगारेट आणि फिल्टर ए२४डी मध्ये आणि ओढायची साधनं ए२४एफ मध्ये. याच शेवटच्या वर्गात ४० हा क्रमांक विजेवर चालणाऱ्या उपकरणांचा आहे. ए२४डी मध्ये १ म्हणजे सिगारेट व तिचा कागद आणि ३ म्हणजे फिल्टर. मशेरी-तपकिरीच्या जातीचा माल ए२४बी १३ मध्ये येतो.

रोपाचे शोध इथे नसतात. ते ए०१एच मध्ये असतात आणि तंबाखूच्या कुळासाठी तिथे ६/८२३ असा नेमका कप्पा आहे. वनस्पतींच्या जनुकबदलाचा वर्ग सी१२एन १५/८२. पण नुसता तो टाकलात तर जाळ्यात मासळीपेक्षा कचरा जास्त येईल. प्रयोगशाळांचं लाडकं रोप तंबाखूच आहे, त्यामुळे भाताचं किंवा टोमॅटोचं जनुकसुद्धा आधी तंबाखूत घालून पाहिलेलं असतं. ए०१एच ६/८२३ आणि ए२४बी दोन्ही एकत्र मागितले की ओढायच्या तंबाखूसाठी केलेले बदल तेवढे वर येतात.

शोधायच्या जागा चार: गुगल पेटंट्स, युरोपची एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पेटंटस्कोप आणि आपल्या सरकारची इनपास. पहिल्या तिघींत चिनी, जपानी, पोर्तुगीज मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर मिळतं. ते ओबडधोबड असतं, पण काम भागतं.

पायरी ३: जुन्या पेटंटांवर हात बसवा

नव्या पेटंटांची भाषा वकिली आणि क्लिष्ट असते. म्हणून सुरुवात जुन्यांपासून करा. अमेरिकेचं पेटंट क्रमांक २३८६४० उघडा. १८८१ सालचं, जेम्स बॉनसॅक या विशीतल्या पोराचं सिगारेट वळायचं यंत्र. चित्रं आधी बघा, मग आकड्यांवरून वर्णन लावत जा. यंत्र अखंड लांब कांडी बनवतं आणि मग तिचे तुकडे करतं, हे एकदा ध्यानात आलं की बाकी सगळं उलगडतं. हाताने वळणारा कुशल कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी करायचा. हे यंत्र दहा तासांत १,२०,००० करू लागलं. सिगारेट स्वस्त झाली ती इथे. एवढा माल खपवायचा कसा हा प्रश्नही इथेच उभा राहिला, आणि पुढच्या कित्येक शोधांचं मूळ त्यात आहे. विडी मात्र अजूनही हातानेच वळली जाते आणि मजुरी हजारी ठरते. 

सरावासाठी दुसरं पेटंट घ्या ३२००८१९, हर्बर्ट गिल्बर्ट यांचं, १९६५ चं. तंबाखूही नाही आणि धूरही नाही अशी सिगारेट त्यात मांडली आहे. ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक यांनी बाजारात येईल अशा रूपात आणली. तोवर ही कल्पना चार दशकं कागदावरच पडून होती. पेटंट असणं आणि वस्तू विकली जाणं यांत किती अंतर असू शकतं ते यावरून पोरांना चटकन समजतं.

पायरी ४: दावे वाचा, बाकीचं नंतर

पेटंटात सारांश, पार्श्वभूमी, चित्रं, वर्णन आणि दावे असतात. कायद्याने संरक्षण मिळतं ते फक्त दाव्यांना. पहिला दावा बहुधा सर्वांत रुंद असतो, पुढचे त्याला लटकलेले असतात: ‘दावा १ प्रमाणे, परंतु भोकं इतक्या अंतरावर’ वगैरे. मला स्वतःला पार्श्वभूमीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आपला शोध का हवा हे पटवताना अर्जदार आधीच्या मालातले दोष मोकळेपणाने सांगतो. एरवी तो अशी कबुली जाहिरातीत देणार नाही.

क्रमांकाच्या शेवटचं अक्षरही बघा. ‘ए’ म्हणजे प्रसिद्ध झालेला अर्ज, ‘बी’ म्हणजे मंजूर झालेलं पेटंट, असा साधारण नियम आहे. प्रदर्शनातल्या फलकावर नुसत्या अर्जाला ‘पेटंट मिळालं’ असं लिहिलेलं दिसतं, ते टाळा. अग्रक्रमाची तारीख टिपून ठेवा, म्हणजे पहिला अर्ज कधी केला ते. एकच शोध दहा देशांत दाखल झालेला असतो, त्या सगळ्यांचं कुटुंब याच तारखेने बांधलेलं असतं.

आता टॉर्चसमोर दिसलेली ती भोकं घ्या. फिल्टरच्या पेटंटांत हेतू सरळ लिहिलेला असतो: ओढताना बाहेरची हवा आत यावी आणि धूर पातळ व्हावा. यात खोटं काही नाही. पातळ झालेला धूर मोजायचा कसा, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत १९६० च्या दशकात ठरलेल्या यंत्राच्या चाचणीत दर मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. यंत्र सिगारेट कडेला धरतं, भोकं उघडी राहतात आणि टारचा, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या राळेचा, आकडा कमी येतो. माणसाचे ओठ आणि बोटं नेमकी त्या भोकांवर पडतात. शिवाय निकोटिनची तलफ असलेला माणूस झुरका मोठा घेतो, लवकर घेतो, खोल ओढतो. आकडा उतरला, शरीरात जाणारं उतरलं नाही. त्या आकड्याच्या जोरावर ‘लाइट’ हा शब्द काही दशकं विकला गेला. अमेरिकेत तो २०१० पासून पाकिटावर छापता येत नाही, त्यानंतर त्याचं काम पाकिटांच्या फिकट रंगांनी उचललं.

हा भाग विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे, तोही सिगारेटशिवाय. कागदाच्या स्ट्रॉला टाचणीने भोकं पाडा आणि सरबत ओढायला सांगा. मग भोकांवर बोट ठेवून पुन्हा. तंबाखूचा कणही न आणता भोकांचा मामला तिथल्या तिथे कळतो.

सुगंधाच्या गोळीचे शोधही याच वर्गात आहेत. फिल्टरमध्ये बारीक कुपी, ती बोटाने दाबून फोडली की पुदिन्यासारखा गारवा. मेंथॉलचं मूळ पेटंट १९२५ चं, ओहायोतल्या लॉइड ह्यूज या माणसाचं. कुपीवाल्या सिगारेटी २००७-०८ पासून जपान आणि अमेरिकेत आल्या, आता आपल्या टपरीवरही असतात. मेंथॉलने घशाची जळजळ झाकली जाते. ज्याला अजून ठसका लागतो त्याच्या, म्हणजे नवख्याच्या, ते उपयोगाचं आहे.

पायरी ५: खाजगी कागद पडताळा

पेटंट हा कंपनीचा जाहीर आवाज. तिचा घरातला आवाजही ऐकता येतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी झालेल्या तडजोडीमुळे तंबाखू कंपन्यांचे अंतर्गत कागद खुले झाले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांचं ग्रंथालय उभं केलं. १.४ कोटींहून जास्त कागद तिथे आहेत आणि ते शब्दाने शोधता येतात. पेटंटावरचं शोधकर्त्याचं नाव घ्यायचं, तेच या ग्रंथालयात टाकायचं. पेटंटाच्या तारखेआधीची दोन-तीन वर्षं चाळली की त्या शोधावर ऑफिसात काय चर्चा चालली होती ते सापडू लागतं.

नमुना म्हणून क्लॉड टीग हे नाव घ्या. आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे हे रसायनशास्त्रज्ञ. १९५३ साली त्यांनी धुराने रंग बदलणारा फिल्टर सुचवला आणि त्याच कागदात नोंदवलं की रंग बदलण्याने गाळण्याच्या क्षमतेत फारसा फरक पडणार नाही, विक्रीला फायदा मात्र उघड आहे. थोटकाचा तपकिरी झालेला बोळा बघून ‘बघा, किती घाण अडवली’ असं म्हणणाऱ्याला हा कागद वाचून दाखवावा. त्याच सुमारास, १९५२ ते १९५६, केंट या सिगारेटच्या फिल्टरमध्ये निळं ॲस्बेस्टॉस होतं. ती सिगारेट सुरक्षित म्हणून विकली जात होती.

चुना आणि अमोनिया

इथे जरा थांबून रसायन समजून घ्या, कारण कोकणातल्या माणसाला ते अर्धं आधीच माहीत आहे. होडीवर चढण्याआधी तंबाखूवर चुना मळणारा रापणकर जे करतो त्याचा अर्थ असा: चुना अल्कधर्मी आहे, तो मिसळला की निकोटिन क्षाराच्या रूपातून सुटून मुक्त होतं, आणि मुक्त निकोटिन तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. १९६० च्या दशकापासून अमेरिकन कारखान्यांनी तावाच्या तंबाखूत अमोनियाची संयुगं घालायला घेतली, तेव्हा अल्कलीने निकोटिन मोकळं करण्याचं हेच तत्त्व धुरात आलं. ए२४बी १५ हा कप्पा अशा रासायनिक प्रक्रियांचा आहे.

याच्या उलट टोकाला भट्टीत वाळवलेला पिवळा तंबाखू. १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या स्टीफन स्लेड या गुलाम तरुणाच्या हातून ही रीत निघाली असं सांगतात. या पानात साखर टिकते, धूर किंचित आम्ल होतो, घशाला बोचत नाही आणि खोल ओढता येतो. तोंडात निकोटिन शोषलं जात नाही म्हणून तो फुप्फुसात ओढावाच लागतो. सिगारचा धूर अल्कधर्मी, तो तोंडात घोळवूनही भागतं. अलीकडे अमेरिकेत शाळकरी मुलांपर्यंत पोचलेल्या ज्यूल या ई-सिगारेटने निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घातलं ते याच हिशेबाने, निकोटिन भरपूर असूनही ठसका लागू नये म्हणून. पेटंट वाचताना पीएच, अल्कली, आम्ल, क्षार हे शब्द आले की तिथे खूण करा. निकोटिन कुठे आणि किती वेगाने पोचवायचं हे तिथे ठरत असतं.

आपल्याकडे घाटावरून, निपाणी पट्ट्यातून उतरतो तो तंबाखू मुख्यतः विडीचा, उन्हात वाळवलेला. भट्टीचा तंबाखू आंध्र आणि कर्नाटकाच्या इतर भागांत होतो, त्याचा कारभार गुंटूरचं तंबाखू मंडळ १९७६ पासून बघतं. दोन्ही एकच समजू नका, पेटंटांत त्यांचे वर्ग आणि प्रक्रिया वेगळ्या आहेत.

पायरी ६: रोपाकडे वळा

हापूसची कलमं बांधणाऱ्या मुलखाला हा भाग सोपा जावा. पहिली गोष्ट, निकोटिन पानात सापडत असलं तरी तयार होतं मुळांत. १९४० च्या दशकात हे कलमाने सिद्ध झालं. टोमॅटोच्या खुंटावर तंबाखूची फांदी बांधली तर पानात निकोटिन जवळजवळ आलं नाही, तंबाखूच्या खुंटावर टोमॅटो बांधला तर टोमॅटोच्या पानात निकोटिन आलं. शेतकरी फुलं येताना शेंडा खुडतो तेव्हा रोपाला ते जखमेसारखं जाणवतं आणि मुळं निकोटिन वाढवतात. म्हणून रोपावरच्या पेटंटांत ‘मूळ’ हा शब्द वारंवार येतो. मुळातच काम करणारी जनुकांची कळ सापडली की निकोटिनची तोटी हातात आली.

दुसरी गोष्ट संकराची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने नीलम आणि हापूस यांच्यातून रत्ना काढला आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू. एकदा गुण आणायचा आणि मग मूळ जातीकडे परत वळवायचं, या पद्धतीला पुनःसंकर म्हणतात. वाय-१ नावाच्या तंबाखूची जात याच वाटेने निघाली. साध्या तंबाखूत निकोटिन पुष्कळ असलेल्या रानटी धाटणीच्या रस्टिका जातीचं रक्त आणलं, पुढे जैवतंत्रज्ञानाची मदत घेतली, आणि पानात सुमारे ६ टक्के निकोटिन भरलं. नेहमीच्या सिगारेटी तंबाखूच्या हे दुप्पट. ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीने तो ब्राझीलमध्ये पिकवून घेतला.

हे उघडकीला कसं आलं ते आपल्या कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला पोर्तुगीज भाषेतल्या एका ब्राझिली पेटंटाचा धागा मिळाला. भाषांतर करून घेतल्यावर जादा निकोटिनची स्थिर जात हाच त्यातला शोध असल्याचं दिसलं. आयुक्त डेव्हिड केसलर यांनी २१ जून १९९४ रोजी तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीसमोर ते मांडलं. निकोटिनशी आम्ही खेळ करत नाही असं उद्योग सांगत असतानाचा हा काळ. बियाणं बेकायदा परदेशी पाठवण्याच्या कटाबद्दल ही जात घडवायला मदत करणाऱ्या जैवतंत्रज्ञान कंपनीने १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला. तंबाखूचं बी इतकं बारीक की ग्रॅमभरात दहा हजारांहून जास्त बिया मावतात, त्यामुळे ते बाहेर नेणं अवघड नव्हतं. धडा एवढाच घ्या की नुसती इंग्रजी पेटंटं पाहून थांबू नका. एस्पेसनेटमध्ये कुटुंबाची यादी उघडा आणि जो देश अनपेक्षित वाटेल त्याचा कागद आधी बघा. गोव्याच्या सीमेवरच्या वाचकांना पोर्तुगीज वाचणारा एखादा शेजारी अजून सापडू शकतो.

उलट्या दिशेचे शोधही तितकेच पक्के आहेत. निकोटिन बनवण्याच्या साखळीतल्या क्यूपीटी नावाच्या जनुकाला दाबून नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधनातून अत्यल्प निकोटिनचा तंबाखू निघाला. क्वेस्ट नावाची सिगारेट त्यावर २००३ मध्ये आली आणि फारशी चालली नाही. त्याच वाटेवरच्या व्हीएलएन सिगारेटला ‘९५ टक्के कमी निकोटिन’ असं सांगून विकायची परवानगी अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने सर्वच सिगारेटींसाठी ग्रॅम तंबाखूमागे ०.७ मिलिग्रॅम निकोटिनची मर्यादा सुचवली. निकोटिन कमी झालं तरी जळालेल्या पानाचा धूर तोच राहतो, हे फलकावर ठळक लिहा. नाहीतर ‘लाइट’ची कथा नव्या नावाने आपणच सांगून बसू.

सीवायपी८२ई४ हा शब्द दिसला तर घाबरू नका. पान वाळताना निकोटिनचं नॉरनिकोटिन करणारं ते जनुक, आणि नॉरनिकोटिनपासून एनएनएन हा सिद्ध झालेला कर्करोगकारक पदार्थ होतो. जनुक बंद केलेल्या जातींवर पेटंटं आहेत. एक विष कमी होतं, बाकीची आहेत तिथेच.

सगळीच तंबाखू पेटंटं ओढण्यासाठी नसतात. जगातली पहिली जनुकबदल केलेली रोपं १९८३ मध्ये तंबाखूचीच होती. त्याच्या ऑस्ट्रेलियन चुलत रोपात इबोलावरचं झेडमॅप हे औषध बनवलं गेलं. कोविडची एक लसही त्यात बनली आणि कॅनडाने २०२२ मध्ये तिला मान्यता दिली, पण कंपनीत सिगारेट उद्योगाची भागीदारी असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली नाही.

पायरी ७: आपल्या देशात काय आहे

इनपासवर वर्गाच्या रकान्यात ए२४डी किंवा ए२४एफ टाका, प्रसिद्ध आणि मंजूर अशा दोन्ही खुणा करा, चित्रातली अक्षरं भरा. निकालातून अर्जाची स्थिती आणि कागद उघडता येतात. परीक्षण अहवाल सापडला तर सोडू नका. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(ब) सार्वजनिक सुव्यवस्था, नीती किंवा आरोग्य यांना बाधक शोधांना पेटंट नाकारतं. तंबाखूच्या अर्जात या कलमाचा आक्षेप आला का आणि अर्जदाराने काय उत्तर दिलं, हे वाचण्यासारखं असतं. कलम ३(ज) मुळे रोप, बी आणि जात यांना इथे पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा वेगळा वाण-संरक्षण कायदा आहे. म्हणून परदेशी ‘रोप’ असा दावा भारतीय अर्जात ‘पद्धत’ होऊन आलेला दिसेल. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

पेटंट म्हणजे विकायची परवानगी नव्हे, दुसऱ्याला अडवायचा हक्क. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आणि तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं यांचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात भारतात बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही ए२४एफ ४० मध्ये भारतीय अर्ज दिसतील, त्यात विसंगती काही नाही.

पायरी ८: फलक मांडताना

ब्रँडची नावं फोटोत झाका, नाहीतर शाळेत फुकटची जाहिरात होते. एका भागाला एक फलक द्या: चिरलेल्या भागाचा फोटो, पेटंटातली एक आकृती, दाव्याचा मराठीत सोपा अर्थ, आणि शेजारी बाहेरचा पुरावा. चारहून जास्त फलक कोणी वाचत नाही. भोकांचा फलक आणि वाय-१ चा फलक यांच्यापाशी गर्दी होते, ते दारापाशी लावा.

मशेरीची जागा मात्र मोकळी राहते. कोकणातल्या कितीतरी बायका रोज दातांना लावतात ती मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिच्यामागे कंपनी नाही, पेटंट नाही आणि पाकिटावरचा इशाराही नाही. त्या जागेसाठी माहिती गावातूनच गोळा करावी लागेल: पान कुठून येतं, किती भाजतात, दिवसातून कितीदा लावतात. विचारायला पोरींना त्यांच्या आज्यांकडे आणि काकींकडे पाठवा आणि प्रश्नांत उपदेश मिसळू नका. नाहीतर पुढचं दार उघडणार नाही. एखादी काकी आपणहून सुटका कशी होईल असं विचारेल, तेव्हा देण्यासाठी सरकारी मोफत मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक प्रश्नावलीच्या मागे छापून ठेवा: १८००-११-२३५६.